परदेशात तीन महिने राहायला निघालात? आधी तलावपाळीवर बसा

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमधून यंदा तीन घरं मुलांकडे निघाली आहेत. एक कॅनडाला, दोन जर्मनीला. २०२५ मध्ये आम्ही दोघं जर्मनीत लाइपझिगला मुलीकडे ८५ दिवस राहून आलो, म्हणून जो तो मला विचारायला येतो. बॅगेत काय भरू, व्हिसाला काय लागतं, थंडी किती असते. त्याची उत्तरं मी देतेच, खालीही दिली आहेत. पण मला सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे आणि ते जिन्यात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

मुलांकडे राहायला जाणं म्हणजे सहल नव्हे. मुलगी-जावई सकाळी आठला बाहेर पडतात, साडेपाचला येतात. मधले साडेनऊ तास तुमचे. शहरातली बघण्याची ठिकाणं पहिल्या दोन-तीन शनिवार-रविवारी संपतात. पुढचे अडीच महिने माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी पोळ्या लाटून फ्रीजरमध्ये भरण्यात आणि दुपारी मोबाइलवर मराठी मालिका बघण्यात घालवले. इतके दिवस एका परक्या शहरात राहून त्यांना ते शहर दिसलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोजचं जगणं बघायची डोळ्यांना सवय लावावी लागते, आणि ती सवय इथून, ठाण्यातूनच लावून घेतली पाहिजे.

आधी आपली गल्ली

निघायच्या आधी तीन आठवडे मी रोज सकाळी साडेसहाला तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूच्या बाकावर अर्धा तास बसायचे. सोबत दोनशे पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर सात प्रश्न लिहिले होते. रस्त्यावर सकाळी पहिलं कोण दिसतं? कचरा कोण, कधी, कसा नेतं? म्हातारी माणसं कुठे बसतात? लहान मुलं शाळेत कोणाबरोबर जातात? अनोळखी माणसाशी लोक पहिला शब्द कोणता बोलतात? कुठली वस्तू दुरुस्त होते आणि कुठली फेकली जाते? रविवारी काय बदलतं?

हेच सात प्रश्न मला लाइपझिगला न्यायचे होते. त्यांची घरची उत्तरं आधी माहीत नसतील, तर तिथं गेल्यावर ताडून कशाशी बघणार? मी तीस वर्षं एकाच गल्लीत राहते, पण आमच्याकडे घंटागाडी किती वाजता येते हे मला सांगता येईना. कचरा न्यायला दारात माणूस येतो, त्यामुळे माझं काम दाराशीच संपायचं. जांभळी नाक्यावर भाजीवाल्या पाटी उतरवतात तेव्हा एकमेकींशी पहिलं काय बोलतात, हेही मी पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. 'आलीस का?' एवढंच. तुम्ही वाशीला किंवा नेरूळला राहत असाल तर सेक्टरच्या बागेत बसा, स्टेशनबाहेर बसा. जागा कुठलीही चालेल. पण रोज तीच आणि त्याच वेळी.

कागदपत्रं, औषधं, घर

आता कामाचं. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालतो त्या गटात (जर्मनी त्यातलीच), पाहुण्यांच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. आम्ही ९ एप्रिलला गेलो आणि २ जुलैला निघालो, म्हणजे ८५. पाच दिवस मुद्दाम हातात ठेवले. विमान चुकलं किंवा ताप आला तर धावपळ नको. तिथं गेल्यावर मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. आमच्या पासपोर्टवर शिक्के पडले. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. त्यामुळे दिवस आता यंत्रच मोजतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तारखा हातून जाऊ देऊ नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. आमच्या ह्यांचा पासपोर्ट संपत आला होता, म्हणून आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात फेरी झाली. मुलीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून दिली. त्या हमीपत्राची मूळ प्रत लागते, म्हणून ती कुरियरनं इकडे येईपर्यंतचा वेळ धरून चाला. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आपल्या वयाच्या माणसांनी त्यातलं आधीच्या आजारांचं कलम स्वतः वाचावं, मुलांवर सोडू नये. स्वस्तातल्या पुष्कळ विम्यांत मधुमेह आणि रक्तदाब सरळ वगळलेले असतात.

औषधं तीन महिन्यांची घेता येतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या, कारण आपल्या गोळीचं इथलं नाव तिथं कोणाला कळत नाही. ह्यांचं इन्शुलिन आम्ही हातातल्या बॅगेत नेलं. खाली सामानात ते गोठू शकतं. तिथं साधं पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळतं, किराण्यात नाही. चष्म्याचा दुसरा जोड न्याच. दोन नंबर फ्रिजवर चिकटवा: जिवावरचा प्रसंग असेल तर ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

खाण्याच्या बाबतीत एक नियम कडक आहे. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. आंबाही झाडांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र असल्याशिवाय नाही. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या मागे ठेवून निघणं जड जातं, पण जप्त होण्यापेक्षा बरं. कढीपत्ताही त्याच नियमात अडकतो. नारळ मात्र चालतो! गोडा मसाला, मेतकूट, कोकम, भाजणी आम्ही नेलं. कुकर किंवा तवा नेणार असाल तर आधी मुलीला शेगडी कुठली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा तवा तिच्यावर तापत नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असते, पण आपली तीन पिनांची प्लग तिथं बसत नाही. अडॅप्टर इथूनच न्या.

घर बंद करताना गॅसचा आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद, महावितरणचं बिल खात्यातून परस्पर जाईल अशी सोय, सोसायटीच्या सेक्रेटरींना तारखा, किल्ली शेजारी. बँकेत जाऊन कार्ड परदेशात चालेल असं करून घ्या, आणि मोबाइलचं रोमिंग निदान ओटीपी येण्यापुरतं तरी चालू ठेवा. पेन्शनर असाल आणि मुक्कामात नोव्हेंबर येत असेल, तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून कसा द्यायचा ते निघायच्या आधी एकदा करून बघा.

भाषेसाठी क्लास लावायला वेळ असेल तर काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे. मी घरीच वीस वाक्यं आणि शंभरापर्यंत आकडे पाठ केले. आकड्यांशी आपलं लगेच जमतं. इंग्रजीत आधी वीस आणि मग पाच म्हणतात, जर्मनीत आपल्या पंचवीससारखं 'पाच आणि वीस' म्हणतात. 'हाल्ब द्राय' म्हणजे 'अर्धा तीन', आणि त्याचा अर्थ अडीच. आपला अडीच शब्दसुद्धा 'अर्धतृतीय' या संस्कृत शब्दावरूनच आला आहे, पण हे मला फार उशिरा सुचलं. ती गोष्ट पुढे सांगते.

वहीची दोन पानं

मी टपाल खात्यात ३३ वर्षं काढली. तिथं पहिल्याच वर्षी एक शिस्त अंगात भिनली: पाकिटावर जे लिहिलंय ते वाचायचं, आत काय असेल याचा अंदाज बांधत बसायचं नाही. लाइपझिगला मी वही अशीच लिहिली. उजव्या पानावर त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं तेवढंच. डावं पान कोरं. त्याचा अर्थ काय असेल ते डाव्या पानावर पंधरा दिवसांनी लिहायचं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात याहून महत्त्वाचं काही नाही.

पहिल्याच आठवड्यात मी हा नियम मोडला. ट्रामच्या थांब्यावर एक नीटनेटका म्हातारा माणूस कचऱ्याच्या डब्याशेजारून रिकाम्या बाटल्या उचलून पिशवीत भरत होता. मी डाव्या पानावर लगेच लिहून टाकलं, 'इथंही एवढी गरिबी आहे.' पुढे कळलं की पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, तिला 'प्फांट' म्हणतात. किराणा दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की ते पैसे परत मिळतात. मग हेही लक्षात आलं की लोक रिकाम्या बाटल्या मुद्दाम डब्याच्या बाहेर, कडेला उभ्या करून ठेवतात. ज्याला न्यायच्या असतील त्याला डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. तो माणूस गरीब असेलही. पण मी लिहिलेल्या ओळीत ती बाहेर ठेवलेली बाटली नव्हती, आणि आमच्या गल्लीत काचेच्या बाटल्या वेगळ्या काढून भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवणाऱ्या बाई मला तिथं बसून आठवल्या नव्हत्या.

असंच जिन्यातलं. पहिले आठ दिवस मला शेजारी तुसडे वाटले. मुलगी म्हणाली, "आई, तू बोलतच नाहीस. इथं जो दिसेल त्याला गुटन टाग म्हणायचं." डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरणारा माणूससुद्धा तिथं बसलेल्या सगळ्यांना मिळून नमस्कार घालतो, आणि सगळे उत्तर देतात. आपल्याकडे दवाखान्यात गेलं की आधी नंबर कितवा ते बघतात. मी रोज बोलायला लागले आणि जिना बदलला.

कुठे बसायचं, काय बघायचं

तलावपाळीसारखी एक जागा तिथंही पकडा. मी ट्रामच्या थांब्याचं बाकडं निवडलं, सकाळी साडेसात ते आठ. सहा-सात वर्षांची मुलं पाठीला दप्तर लावून एकटी शाळेत जाताना दिसली. सिग्नलवर रस्ता रिकामा असला तरी मोठी माणसं लाल दिव्याला थांबतात, शेजारी मूल उभं असेल तर नक्कीच. तिथल्या दिव्यातला टोपीवाला माणूस पूर्व जर्मनीच्या काळातला, १९६१ मध्ये आखलेला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावरही लोकांनी तो जपला.

ट्रामला दरवाज्याशी कोणी तिकीट विचारत नाही. त्यावरून फुकट आहे असं समजू नका. अचानक तपासनीस येतात आणि दंड ६० युरो असतो. जास्त राहायचं असेल तर देशभर ट्राम, बस आणि लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास घ्या. तेव्हा तो ५८ युरोंना होता, जानेवारी २०२६ पासून ६३. तो आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून शेवटच्या महिन्यात १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका.

बेकरी एकच धरा. मी रोज त्याच दुकानात, त्याच वेळी दोन ब्रोटशन, म्हणजे त्यांचे छोटे गोल पाव घ्यायचे. सुट्टी नाणी जवळ ठेवा, छोट्या दुकानांत अजून रोखच चालते. रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात, आणि ईस्टरला तर शुक्रवार बंद, शनिवार उघडं, रविवार-सोमवार पुन्हा बंद. आम्हाला हे माहीत नव्हतं आणि ऐन वेळी घरात दूध संपलं. पण त्या शांत रविवारांनीच माझ्या सातव्या प्रश्नाचं उत्तर दिलं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायलाही बंदी असते, आवाज होतो म्हणून. शहरभर फक्त चर्चच्या घंटा आणि पक्षी. आपल्या मासुंद्याच्या काठच्या चर्चची घंटा मला तिथं फार आठवायची.

कचऱ्याचे डबे नीट बघा. आमच्या अंगणात पिवळा वेष्टनांसाठी, निळा कागदासाठी, तपकिरी ओल्या कचऱ्यासाठी आणि काळा उरलेल्यासाठी होता. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, तीही पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी. हे पहिल्याच दिवशी मुलीकडून शिकून घ्या. चूक झाली की शेजारी सांगायला येतात. घरात नको झालेल्या वस्तू लोक खोक्यात घालून फुटपाथवर ठेवतात आणि वर 'त्सु फेरशेंकन', म्हणजे 'द्यायचं आहे', असं लिहितात. त्या खोक्यातला एक चिनी मातीचा बाऊल आज माझ्या देवघराशेजारी आहे, त्यात मी फुलं ठेवते.

माझ्या खात्याचं तर बघायला विसरणं शक्यच नव्हतं. तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो! रस्ता, घर क्रमांक आणि बेलवर व टपालपेटीवर लिहिलेलं आडनाव, बस्स. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाऊ शकतं. म्हणून तुम्हाला कोणी इथून काही पाठवणार असेल तर मुलीच्या पेटीवर तुमच्याही आडनावाची चिठ्ठी लावा. आम्ही लावली. ठाण्याहून माझ्या जुन्या सहकारी बाईंनी पाठवलेलं पोस्टकार्ड सोळा दिवसांत त्या पेटीत पडलं, तेव्हा मी जिन्यातच उभी राहून ते तीनदा वाचलं.

ऋतू बघा. एप्रिलमध्ये शहरातल्या नदीकाठच्या जंगलात शिरलो तर लसणाचा वास! जमीन हिरव्या पानांनी भरलेली, बेअरलाउख नावाचा रानलसूण. बायका टोपलीत पानं तोडत होत्या. त्याच्यासारखीच दिसणारी एक विषारी वनस्पती असते, म्हणून तुम्ही स्वतः तोडू नका, बाजारात जुडी मिळते. मग मे महिनाभर पांढऱ्या श्पार्गलचे स्टॉल लागतात. ही शतावरीच्या कुळातली भाजी. मातीच्या ढिगात उजेड न लागू देता वाढवतात म्हणून पांढरी राहते. २४ जूनला तिचा हंगाम संपतो, मग कापत नाहीत. झाडाला पुढच्या वर्षासाठी जोर धरू देतात. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवून मग फिरायला निघा.

अडीचची गोष्ट

तिसऱ्या मजल्यावर एक सत्तरीच्या बाई होत्या. जिन्यातल्या गुटन टागपासून सुरुवात होऊन मे महिन्यात त्यांनी आम्हाला आपल्या बागेत कॉफीला बोलावलं, 'हाल्ब द्राय'ला. मी साडेतीन समजले. आम्ही वेळेवर पोचलो असं समजून पोचलो, तेव्हा केक कापून झाकून ठेवलेला होता आणि त्या तासभर फाटकाशी बघत बसल्या होत्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी इथून नेलेल्या नारळाच्या वड्या करून त्यांच्या दारी गेले आणि कागदावर घड्याळ काढून दाखवलं. त्यांनी माझा हात धरला. त्यानंतर दर गुरुवारी मी त्यांच्या बागेत होते, अडीचला.

तुम्ही लाइपझिगला नसाल तरी जर्मनीत अशी बाग तुम्हाला दिसेलच. शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत शेकडो छोटे तुकडे, प्रत्येकात एक लाकडी खोपटं. यांना श्रेबरगार्टन म्हणतात आणि त्यांची सुरुवात लाइपझिगचीच. १८६४ मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना खेळायला मैदान मिळावं म्हणून मंडळ काढलं आणि त्याला डॉक्टर श्रेबर यांचं नाव दिलं. पुढे मैदानाच्या कडेनं मुलांसाठी वाफे आले, आणि मुलांचा उत्साह ओसरल्यावर आईबापांनीच ते कसायला घेतले. आता कायद्यानं तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा आणि खोपटं २४ चौरस मीटरपेक्षा. तिथं कायमचं राहता येत नाही आणि नुसती हिरवळही करता येत नाही. साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाजी लावावीच लागते. दुपारी एक ते तीन यंत्रांचा आवाज बंद.

माझ्या सातपैकी चार प्रश्नांची उत्तरं त्या बागेत मिळाली. म्हातारी माणसं तिथं बसतात. मोडकी खुर्ची तिथं दुरुस्त होते. कुंपणापलीकडच्या माणसाशी पहिला शब्द हवामानाचा असतो. आणि रविवारी तिथं मुलंनातवंडं येतात. असं दार उघडायला वेळ लागतो. आम्हाला पाच आठवडे लागले, म्हणून पहिल्या महिन्यात निराश होऊ नका. आणि अशा ठिकाणी मोबाइल पिशवीतच ठेवा. तिथं न विचारता माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो काढलेले लोकांना मुळीच आवडत नाहीत. वही काढली तर मात्र कुतूहलानं विचारतात, काय लिहिताय?

परत आल्यावर आठ दिवस

परतल्यावर झोप जागेवर यायच्या आतच पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसा. हे आठ दिवस वाया घालवू नका, नंतर डोळे पुन्हा सरावतात. मी ४ जुलैला पावसात छत्री घेऊन तलावपाळीवर गेले आणि तेच सात प्रश्न नव्या पानावर लिहिले. शेजारी एक आजी येऊन बसल्या, ओळखदेख काही नाही. टेकता टेकता त्यांनी विचारलं, "गुडघे का गं दुखतात तुझेही?" उजव्या पानावर मी तेवढं वाक्य लिहिलं. खाली वेळ टाकली, सहा पंचेचाळीस.